जंगलासाठी रिव्हॉल्व्हर? पैसे मोजण्याआधी हे वाचा

शनिवारी पाठपिशवी बांधून भायखळा स्टेशन गाठणाऱ्या ट्रेकर मुलांचा हा नेहमीचा प्रश्न आहे : रानात बिबट्या किंवा डुक्कर आडवं आलं तर जवळ रिव्हॉल्व्हर असावं का, कोणत्या बोअरचं, आणि किती पडेल?

शिकारीसाठी हवं असेल तर

विषय तिथेच संपतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे. वाघ, बिबट्या, अस्वल असे पहिल्या अनुसूचीतले प्राणी मारले तर किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैद होते. २०२२च्या दुरुस्तीनंतर दंडही किमान २५ हजार रुपये आहे.

सोबत बाळगण्यासाठी हवं असेल तर

अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही. पोलिसांचा परवाना खिशात असला, तरी तो तिथे पुरत नाही. जिवावर बेतलं म्हणून प्राणी मारला तर कायदा त्याला गुन्हा मानत नाही. मात्र त्या वेळी तुम्ही स्वतःच कायदा मोडत असाल तर ही सवलत मिळत नाही. म्हणजे चोरून नेलेलं शस्त्र नेमक्या गरजेच्या क्षणी तुम्हालाच आरोपी करतं.

बोअर आणि किंमत

९ मिमीसारखे लष्करी बोअर सामान्य माणसाला निषिद्ध आहेत. आपल्याकडे नवं रिव्हॉल्व्हर घ्यायचं म्हणजे बहुधा .३२ बोअरचं. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं ‘निर्भीक’ २०१४मध्ये आलं. सहा गोळ्यांचं, सुमारे ५०० ग्रॅमचं हे हत्यार तेव्हा साधारण १ लाख २२ हजारांना होतं. २०२३मध्ये ‘प्रबल’ आलं, त्याचं वजन सुमारे ७०० ग्रॅम.

पण .३२ची ताकद ओळखून असा. अलास्काच्या रानात अस्वलाच्या भीतीने लोक .४४ मॅग्नम बाळगतात. तिच्या गोळीची ऊर्जा .३२च्या निदान सातपट असते. .३२ने रानडुक्कर जागीच थांबेल याचा भरवसा नाही. जखमी होऊन ते अधिक चवताळतं. अंधारात, दमलेल्या हाताने, बरोबरच्या मित्राला गोळी लागण्याचा धोका तर वेगळाच.

परवाना

वय २१ पूर्ण हवं. मुंबईत अर्ज पोलीस आयुक्तांकडे करायचा. शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण, मानसिक आरोग्यासह वैद्यकीय दाखला आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते. २०१९पासून परवाना ५ वर्षांचा असतो. कर्नाळ्यासारख्या अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत घर असेल, तर नव्या परवान्याला वन्यजीव विभागाचीही संमती लागते. खर्चात केवळ हत्यार धरू नका. तिजोरी, गोळ्या आणि सराव हेही जोडा.

नेमबाजीची आवड असेल तर

तिला सरळ वाट आहे. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. नेमबाज अंजली भागवत तिथेच घडली. सुरुवात ४.५ मिमी एअर पिस्तुलाने होते. प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली हात बसल्याशिवाय स्वतःचं पिस्तूल घेऊ नका.

रानात खरोखर उपयोगी पडतं ते

चांगली विजेरी हजारभर रुपयांत मिळते. शिट्टी शंभराच्या आत. घुंगुरकाठी गावाकडे आजही लोक बाळगतात. तिच्या आवाजाने जनावराला आपली चाहूल आधीच लागते आणि ते वाट सोडतं. अंधार पडल्यावर एकटं फिरू नका, बोलत चाला, लहान मुलांना मध्ये ठेवा. बिबट्या दिसला तर पळू नका, खाली वाकू नका. त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरा. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक फोनमध्ये साठवून ठेवा.

आणि वाटाड्या घ्या. दिवसाचे दीड हजार धरले, तरी ‘निर्भीक’च्या त्या जुन्या किमतीत ऐंशी ट्रेकना गावातला जाणता माणूस सोबत येतो. जनावराची पाणवठ्याची वेळ त्याला ठाऊक असते, म्हणून ते समोर येण्याआधीच तो तुम्हाला दुसऱ्या वाटेने नेतो.