विनामूल्य वकील आणि पक्षकाराची जाग

ठाण्यातील टेंभी नाका आणि कोर्ट नाका यांच्या आसपासच्या लहानशा टापूत जिल्हा न्यायालय, जिल्हाधिकारी कार्यालय आणि जुन्या किल्ल्यातील मध्यवर्ती कारागृह एकवटलेले असल्यामुळे, गाऱ्हाणे घेऊन येणाऱ्या माणसाची पावले या भागाकडे सतत वळत आली आहेत. टेंभी नाक्यावरील आनंद आश्रमात शिवसेनेचे नेते आनंद दिघे यांच्यापुढे लोक आपल्या तक्रारी मांडत आणि त्यांच्या शब्दावर कित्येक तक्रारींचा निकाल लागे, ही आठवण जुन्या ठाणेकरांच्या मनात अजून ताजी आहे. अडलेल्या वेळी कोणी धावून आले की त्याचे उपकार मानावेत, त्याला उलट प्रश्न विचारू नयेत, ही वृत्ती या परंपरेत रुजलेली आहे. परंतु हीच वृत्ती घेऊन माणूस विनामूल्य वकिलाकडे गेला, तर त्याचे नुकसान होण्याची शक्यता वाढते.

याचे कारण असे की विनामूल्य विधी सहाय्य हा कायद्याने दिलेला हक्क आहे. १९७६ सालच्या ४२व्या घटनादुरुस्तीने संविधानात अनुच्छेद ३९-क आला, त्याला अनुसरून विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ साली संमत झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो अमलात आला. या अधिनियमाच्या कलम १२ नुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, आपद्‌ग्रस्त आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे आणि तिच्या पुराव्यादाखल अर्जदाराचे प्रतिज्ञापत्र पुरेसे मानता येते. तत्पूर्वीच, १९७८ साली, होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात उच्च न्यायालयाच्या निकालानंतर चार वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर कैद्याचा अर्ज सर्वोच्च न्यायालयात पोहोचला होता, तेव्हा न्या. कृष्ण अय्यर यांनी निकालाची प्रत विनामूल्य मिळणे आणि अपिलासाठी वकील मिळणे या दोन्ही गोष्टी न्याय्य कार्यपद्धतीच्या अंगभूत ठरवल्या. निकालाचा कागद हाती नसेल तर अपिलाचा हक्क कागदावरच राहतो, हे त्या निकालाने फार स्पष्टपणे दाखवले.

वकिलांच्या खासगी संस्था जे काम फी न घेता करतात ते विधी सेवा प्राधिकरणाच्या यंत्रणेहून वेगळे असते. गरजूस साहाय्य करणे हे वकिलाचे समाजाप्रती मोठे कर्तव्य आहे असे बार कौन्सिलचे नियम सांगतात आणि अनेक संस्था ते मनापासून पाळतात. परंतु प्राधिकरणाने नेमलेल्या वकिलाच्या कामावर जशी संनियंत्रण समितीची देखरेख असते, तशी बाहेरची देखरेख येथे नसते. ती उणीव पक्षकारानेच भरून काढावी लागते.

प्रस्तुत लेखकाच्या निकटच्या माहितीतील एका वृद्ध विधवेच्या प्रकरणात याची किंमत दिसून आली. टेंभी नाक्याजवळच्या जुन्या इमारतीतील या भाडेकरू बाईंच्या खोलीचे पाणी घरमालकाने तोडले होते; महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाचे कलम २९ अशा वेळी भाडेकरूच्या बाजूने असते, त्यामुळे दाव्याला आधार भक्कम होता. एका संस्थेने काम विनामूल्य स्वीकारले, वकालतनाम्यावर मात्र संस्थेतील एकाच तरुण वकिलाचे नाव आले, आणि तो वकील काही काळाने संस्था सोडून गेला. न्यायालय घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर असूनही बाई चौकशीला गेल्या नाहीत. "फुकटात करतायत बिचारे, सारखं सारखं काय विचारायचं?" असे त्या म्हणत. रोजनाम्यात, म्हणजे प्रत्येक तारखेला न्यायालयात काय घडले याच्या अधिकृत नोंदीत, वादी व वादीचे वकील गैरहजर असे शेरे पडत गेले आणि अखेर दावा गैरहजेरीमुळे काढून टाकण्यात आला. असा दावा पुन्हा फाइलवर घेण्याच्या अर्जाला मुदत ३० दिवसांची असते; बाईंना बातमी कळली तेव्हा ती उलटून गेली होती, त्यामुळे आधी विलंब माफ करून घेण्याचा अर्ज करावा लागला.

यातून निघणारी पहिली सूचना वकालतनाम्याविषयी आहे. वकालतनामा म्हणजे वकिलाला आपल्या वतीने काम चालवण्याचा लेखी अधिकार. न्यायालयाच्या परवानगीने तो लेखी काढून घेतला जाईपर्यंत कायम राहतो, म्हणून संस्था काम घेत असेल तर त्यावर किमान दोन वकिलांची नावे असावीत आणि त्याची एक प्रत पक्षकाराने घरी ठेवावी. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या पुरसिसवर, म्हणजे न्यायालयात द्यावयाच्या लेखी निवेदनावर, सही करू नये. दाव्याचा सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक पहिल्याच भेटीत लिहून घ्यावा, कारण तो असला की ई-कोर्ट्सच्या मोबाइल ॲपवर पुढची तारीख शेजारचा शाळकरी मुलगाही पाहून देऊ शकतो. तारखेला स्वतः हजर राहावे, आणि ते जमले नाही तर त्याच आठवड्यात रोजनामा पाहून घ्यावा; वकिलावर अविश्वास म्हणून नव्हे, तर दावा शेवटी पक्षकाराचा असतो म्हणून. चांगला वकील अशा चौकशीने दुखावला जात नाही.

खासगी संस्थेकडून काम होत नसल्यास न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करण्याचा मार्ग खुला असतो. कल्याणसारख्या तालुक्याच्या ठिकाणी तालुका विधी सेवा समिती हेच काम करते, आणि १५१०० या राष्ट्रीय क्रमांकावरही माहिती मिळते. मंजूर झालेल्या सहाय्यात कोर्ट फी, टंकलेखन आणि प्रमाणित नकलांचा खर्चही येतो, त्यामुळे नेमलेला वकील "वरखर्च" मागू लागला तर ती गोष्ट प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवावी. वकील नीट काम करीत नसेल तर प्रकरण त्याच्याकडून काढून दुसऱ्याकडे देण्याचा अधिकार प्राधिकरणाला आहे. तोंडी तक्रारीची नोंद राहत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्यावी.

सर्वाधिक सावधगिरी लोकअदालतीच्या दिवशी बाळगावी लागते. तेथे तडजोड झाली की भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि वर्षानुवर्षांच्या खेपा वाचतात, हा लाभ मोठाच आहे. परंतु कलम २१ नुसार लोकअदालतीचा निवाडा अंतिम असून त्यावर अपील नाही. म्हणून तडजोडीचा मजकूर मराठीत वाचून दाखवण्याचा आग्रह धरावा, खोलीचा ताबा, पाणी, थकबाकी यांपैकी आपल्याला हवी असलेली प्रत्येक बाब त्यात शब्दशः आली आहे की नाही ते पाहावे, आणि काही राहून गेले असेल तर मंडपात कितीही घाई असली तरी ते लिहून घेतल्याखेरीज सही करू नये.