डाव्याला डाव्याचं, उजव्याला उजव्याचं

भाचेबुवा, लग्नसराई लागायच्या आधी हे ऐकून ठेव. इक्वलायझरच्या डाव्या ३१ पट्ट्या आणि उजव्या ३१ पट्ट्या सारख्या दिसल्या की आवाजही सारखा झाला, असं समजणारे ऑपरेटर आर्वीपासून हिंगणघाटपर्यंत भरपूर आहेत. दोन्ही बाजू एकत्र बांधणारं लिंकचं बटण दाबतात आणि चहाला जातात. पण मंगल कार्यालयात डाव्या स्पीकरच्या डब्याच्या मागं सिमेंटची भिंत असते आणि उजव्याच्या मागं नुसती कनात. भिंतीला टेकलेल्या डब्याचा बास फुगतो, ६ डेसिबलपर्यंतसुद्धा. कनातीकडचा बास बाहेर निघून जातो आणि आवाजाची वरची धार कापडात जिरते. जागाच दोन्हीकडं वेगळी, तर पट्ट्या सारख्या कशा राहतील?

मात्र पट्टीला हात लावायच्या आधी डब्याला हात लाव. डबा भिंतीपासून साधारण १ मीटर पुढं असला, तर ८५ हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, कारण भिंतीवरून परतलेला आवाज तिथं मूळ आवाजाला मारतो. हा खड्डा पट्टी वर करून कधीच भरत नाही. तू जेवढं वाढवशील, तेवढंच भिंतीवरूनही वाढून येईल आणि तापेल फक्त अॅम्प्लिफायर. डबा सरकव, नाहीतर थोडा वळव. पाच मिनिटांचं काम आहे, पण त्यात घाम येतो म्हणून कोणी करत नाही.

दुसरं म्हणजे डाव्या-उजव्यात फरक ऐकू आला, तर तो जागेचा की डब्याचा, हे आधी ठरव. दोन्ही डब्यांची अदलाबदल कर. मंद आवाज डब्याबरोबर पलीकडं गेला, तर ट्विटर उडालाय. त्याला इक्वलायझर नको, दुरुस्ती पाहिजे. मंदपणा जागेवरच थांबला, तर आधी केबल आणि अॅम्प्लिफायर बदलून पाहा. तेही ठीक निघालं, तरच जागेचा दोष. आणि मधोमध उभं राहिल्यावर बास गायब होत असेल, बाजूला सरकलं की परत येत असेल, तर एका डब्याच्या वायरीचे प्लस-मायनस उलटे लागलेत. अशा वेळी बासच्या पट्ट्या वर चढवणारे मी किती तरी पाहिले.

आता खरं काम. एकच मोनो आवाज दोन्हीकडं सोड. पिंक नॉइज असेल तर उत्तम, नसेल तर तुला पाठ असलेलं एखादं खंजिरी भजन. आपल्याकडं तुकडोजी महाराजांची भजनं गावोगाव होतात. खंजिरीच्या झांजांचा आणि माणसाच्या गळ्याचा आवाज कसा असतो, हे तुझ्या कानाला लहानपणापासून ठाऊक आहे. दोन्ही डब्यांपासून सारख्या अंतरावर उभा राहा. उजवा बंद करून डावा ऐक, मग डावा बंद करून उजवा ऐक, मग दोन्ही. जिथं जास्त वाटतं तिथं काप; जिथं कमी वाटतं तिथं भरायला जाऊ नकोस. एका वेळी एकच पट्टी, २-३ डेसिबल. तेवढ्यानं फरक पडला नाही, तर बहुधा चुकीची पट्टी धरलीस.

दोन ठिकाणी फारच जपून. १०० हर्ट्झच्या खालचं दोन्ही डबे मिळून वाजवतात, तिथं शक्यतो दोन्हीकडं सारखं ठेव. आणि १ ते ४ किलोहर्ट्झ हा गळ्याचा पट्टा. गायकाचा आवाज मधोमध वाटतो, तो दोन्हीकडून सारखा येतो म्हणूनच. साधारण १५०० हर्ट्झच्या वर आपले कान दिशा मुख्यतः कमी-जास्त आवाजावरून ओळखतात. एका बाजूनं २ किलोहर्ट्झ ४ डेसिबलनं उंच राहिलं, तर गायकाची अक्षरं एका बाजूला ओढली जातात आणि खर्ज मध्येच राहतो. अमेरिकेत कॅपिटॉल कंपनीनं १९६१ मध्ये हाच प्रकार मुद्दाम केला: मोनो ध्वनिमुद्रणाच्या एका बाजूला बास, दुसऱ्या बाजूला वरचे सूर, त्यात किंचित उशीर, आणि वर स्टेरिओचं नाव. डुओफोनिक म्हणायचे त्याला. बीटल्सचीही काही गाणी त्यात सापडली. गंमत म्हणून ऐक, मांडवात करू नकोस.

एप्रिल-मेमधली लग्नं म्हणजे कूलर. वर्धेत पारा ४५ च्या पुढं गेला की मालक एका बाजूला ओळीनं कूलर लावतो आणि त्या बाजूची मंडळी ओरडतात की माईक ऐकू येत नाही. तिकडच्या वरच्या पट्ट्या चढवल्यास की शिट्टी मारलीच म्हणून समज. कूलर सरकवून घे, डबा उंच कर, नाहीतर त्या बाजूला एक छोटा डबा वेगळा दे.

मोठ्या मैदानाचं गणित निराळं. वर्धेत स्वावलंबी विद्यालयाच्या मैदानावर २०२३ च्या फेब्रुवारीत ९६वं मराठी साहित्य संमेलन भरलं होतं, तेवढ्या विस्तारात बहुतेक प्रत्येक श्रोता कोणत्या तरी एकाच डब्याजवळ बसतो. तिथं डावं-उजवं वेगळं पाठवण्यात अर्थ नाही. दोन्हीकडं मोनोच दे, इक्वलायझर मात्र जागेप्रमाणं वेगळं ठेव.

आणि सगळं करूनही एक बाजू मंद वाटली, तर पाठ फिरवून उभा राहा. मंदपणा तुझ्याबरोबर फिरून दुसऱ्या डब्याकडं गेला, तर दोष मांडवात नाही, कानात आहे. डब्याशेजारी उभं राहणाऱ्यांचा बहुधा ४ किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज आधी जातो. माझा डावा कान तसाच आहे, म्हणून शेवटचा निवाडा मी आता दुसऱ्याच्या कानावर सोडतो. तू सेवाग्रामच्या दवाखान्यात जाऊन कान तपासून घे, सीझनच्या आधीच.