उद्यानाचा आराखडा आणि लोकांचा कौल

गाव लहान असो वा नगर मोठे असो, त्यातील मोकळी जागा ही तेथील जनतेची सामाईक ठेव असते. घर ज्याचे त्याचे असते. परंतु झाडाची सावली, मुलांचे खेळण्याचे मैदान आणि वृद्धांच्या विसाव्याचा पार यांवर सर्वांचा सारखाच हक्क असतो. अशा जागेवर नवे उद्यान उभारावयाचे झाल्यास लोकांचे मत घ्यावे, याविषयी आज दुमत नाही. प्रश्न उरतो तो एवढाच की, हे मत केव्हा घ्यावे, कसे घ्यावे आणि घेतल्यानंतर त्याचे काय करावे. मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ येथील अनुभव या दृष्टीने बोधप्रद असल्याने प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

राजधानीची हिरवी वस्ती

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. नव्या राज्याची राजधानी भोपाळ झाली. कचेऱ्यांबरोबर कर्मचारीही स्थलांतरित झाले आणि त्यांत मराठी कुटुंबांचा भरणा मोठा होता. नव्या राजधानीत शासकीय निवासस्थानांच्या ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांपैकी एकीला तात्या टोपे यांचे व दुसरीला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. शिवाजी नगराला लागूनच तुलसी नगर आहे.

बसकी घरे, पुढे-मागे अंगण आणि रुंद रस्ते अशी या वसाहतींची धाटणी. अंगणात आंबा, जांभूळ, कडुनिंब वाढले; रस्त्यांच्या कडेची झाडे उंच झाली. घरे शासनाची होती, बदली झाली की कुटुंब निघून जाई. झाडे मात्र तेथेच राहत आणि पुढच्या कुटुंबाच्या उपयोगी पडत. अशा रीतीने, कोणत्याही नकाशावर 'उद्यान' अशी नोंद नसताना, ही वस्ती शहराचे एक मोठे उद्यानच बनली.

दोन प्रसंग

जानेवारी २०१६ मध्ये केंद्र शासनाच्या स्मार्ट सिटी योजनेत निवडलेल्या पहिल्या २० शहरांत भोपाळचा समावेश झाला. शिवाजी नगर व तुलसी नगर येथील जुनी निवासस्थाने पाडून त्या जागी नवे नगर वसवावे, अशी मूळ योजना होती. हजारो वृक्ष तोडावे लागतील हे ध्यानात येताच नागरिकांनी विरोध केला आणि त्याच वर्षी योजनेची जागा बदलून तात्या टोपे नगराकडे नेण्यात आली.

पुढे २०२४ साली याच परिसरात आमदार व मंत्री यांच्यासाठी नवी निवासस्थाने बांधण्याचा प्रस्ताव पुढे आला. सुमारे २९ हजार झाडे बाधित होतील, अशी बातमी वृत्तपत्रांनी दिली. जून महिन्यात रहिवासी रस्त्यावर आले. स्त्रियांनी झाडांना कवटाळले व त्यांना रक्षासूत्रे बांधली. त्याच महिन्यात राज्याच्या नगरविकास मंत्र्यांनी प्रस्ताव मागे घेतल्याचे व अन्य जागांचा विचार होईल असे जाहीर केले.

दोन्ही वेळा शासनाने लोकमताचा मान राखला, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि एवढ्यावर थांबून चालणार नाही. दोन्ही प्रसंगी लोकांचे म्हणणे ऐकले गेले ते प्रस्ताव तयार झाल्यानंतर. तोवर नकाशे काढून झाले होते, वेळ व पैसा खर्ची पडला होता आणि परस्परविश्वासाला तडा गेला होता. शिवाय २०१६ साली योजना जेथे नेण्यात आली, त्या तात्या टोपे नगरातही जुनी झाडे होती आणि ती पुढे तुटली. एका वस्तीतील वृक्ष वाचले, दुसरीतील वाचले नाहीत. झाडाचे भवितव्य शेजाऱ्यांच्या आवाजाच्या मोठेपणावर ठरणे हा न्याय नव्हे. ज्यांना मोर्चा काढता येत नाही, त्यांचेही मत नोंदले जाईल अशी नित्याची व्यवस्था हवी, हाच या अनुभवाचा मुख्य धडा आहे.

कायद्याचे पाठबळ

ही व्यवस्था अगदीच नाही असे नाही. मध्य प्रदेशाच्या १९७३ च्या नगर व ग्राम निवेश अधिनियमानुसार विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती व सूचनांसाठी किमान ३० दिवसांची मुदत द्यावी लागते. महाराष्ट्रात १९६६ चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम असाच अधिकार देतो. लोक हा अधिकार किती गांभीर्याने वापरू शकतात हे मुंबईत दिसून आले. २०१५ साली तेथील विकास आराखड्याच्या मसुद्यावर सुमारे ६५ हजार हरकती व सूचना आल्या आणि शासनाने तो मसुदा रद्द करून नव्याने करण्यास सांगितले.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत जी बारावी अनुसूची जोडली, तीत उद्याने, बागा व क्रीडांगणे पुरविणे हा विषय नगरपालिकांच्या कार्यकक्षेत स्पष्टपणे नमूद आहे. न्यायालयांनीही या जागांचे रक्षण केले आहे. बंगळुरू येथे उद्यानासाठी राखलेली जागा खासगी शुश्रूषागृहासाठी देण्यात आली, तेव्हा रहिवाशांनी दाद मागितली आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. लखनऊच्या अमीनाबाद भागातील झंडेवाला उद्यानाखाली बाजार बांधला जात होता. ते बांधकाम पाडून उद्यान पूर्ववत करावे, असा आदेश याच न्यायालयाने १९९९ साली दिला.

परंतु कायद्यातील मुदत मसुद्यानंतर सुरू होते, आणि एका उद्यानाचा आराखडा हा संपूर्ण शहराच्या योजनेइतका मोठाही नसतो. तेव्हा त्याच्या बाबतीत कायद्याची वाट न पाहता आधीच विचारणा करणे सहज शक्य आहे. पुणे महानगरपालिकेने २००६ साली आपल्या अंदाजपत्रकात प्रभागातील लहान कामांसाठी नागरिकांच्या सूचना मागविण्याची पद्धत सुरू केली, हे या दिशेने टाकलेले पाऊल होय.

विचारणेची रीत

नव्या उद्यानाची आखणी करताना पुढील क्रम उपयुक्त ठरेल.

१. जागेची पाहणी : जागा कोणाच्या मालकीची आहे, पावसाचे पाणी कोणीकडे वाहते, झाडे किती व कोणती आहेत, याची नोंद करावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आज ती जागा कोण वापरते ते पाहावे. कोणी तेथे गुरे चारतो, कोणी भाजी विकतो, मुले क्रिकेट खेळतात. 'रिकामी' म्हणून नोंदलेली जागा बहुधा रिकामी नसते.

२. लोकांकडे जाणे : कचेरीत सूचनापेटी ठेवल्याने मत मिळत नाही. सकाळी फिरावयास येणारे, दुपारी कामावरून परतणाऱ्या स्त्रिया, शाळेची मुले, वृद्ध व अपंग यांना त्यांच्या वेळेनुसार व त्यांच्या भाषेत विचारावे. भोपाळसारख्या नगरात हिंदीबरोबर उर्दूतही सूचनापत्रक असणे इष्ट होय.

३. पर्याय मांडणे : एकच नकाशा दाखवून 'पसंत आहे काय?' असे विचारण्यात अर्थ नाही. दोन-तीन पर्याय ठेवावेत आणि प्रत्यक्ष जागेवर फक्कीने रेषा आखून दाखवावेत. नकाशा न वाचता येणाऱ्यालाही वाट कोठून जाणार व बाक कोठे येणार हे त्यामुळे कळते.

४. खर्च सांगणे : कारंजे सर्वांना आवडते, त्याचे वीजबिल व दुरुस्ती यांचा आकडा कळल्यावर पुष्कळांचे मत बदलते. उभारणीबरोबर वार्षिक देखभालीचा खर्चही जाहीर करावा.

५. उत्तर देणे : प्रत्येक सूचना स्वीकारली की नाही आणि का, हे फलकावर लावावे. सूचना नाकारली गेल्याचे दुःख थोडे असते. ती वाचलीच गेली नाही याचे मोठे असते.

मतभेद होणारच. वृद्धांना शांतता हवी असते, मुलांना खेळ हवा असतो. कोणी म्हणेल की उद्यानाला दुपारी कुलूप लावावे. परंतु उन्हातून आलेल्या मजुराला सावलीची गरज दुपारीच असते. अशा वेळी बहुमत मोजून प्रश्न संपवू नये. जागेची वा वेळेची वाटणी करून दोघांचीही सोय पाहावी.

काही गोष्टी मात्र मतावर सोडता येत नाहीत. केंद्र शासनाच्या २०१४ च्या नगरनियोजनविषयक मार्गदर्शक सूत्रांत दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा इष्ट मानली आहे. अपंगांच्या चाकाच्या खुर्चीसाठी उतार १२ फुटांस १ फुटाहून अधिक तीव्र नसावा. जुने वृक्ष उभे राहतील अशीच वाट आखावी. नवे रोप लावल्याने साठ वर्षांच्या वृक्षाची सावली तत्काळ भरून येत नाही.

खेडी आणि शाळा

हा विचार केवळ शहरांपुरता नाही. खेड्यात गायरान, तळ्याचा काठ व देवळापुढील पटांगण या जागांचे मोल तेच आहे. गावाच्या सामाईक जमिनींवरील बेकायदेशीर कब्जे हटवून त्या ग्रामस्थांच्या सामाईक उपयोगासाठी परत द्याव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सर्व राज्यांना बजावले. ग्रामसभेत हा विषय घेण्यास कोणाची आडकाठी नाही.

शिक्षकांना यात मोठे कार्य आहे. विद्यार्थ्यांनी गावातील झाडे मोजावीत, बुंध्याचा घेर नोंदवावा, त्यावरून नकाशा काढावा आणि तो ग्रामसभेपुढे ठेवावा. भूगोल, गणित व नागरिकशास्त्र यांचा हा एकत्र पाठ होईल आणि ग्रामपंचायतीला विनाखर्च उपयुक्त नोंद मिळेल.

अधिकाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की, आधी विचारण्यात गेलेला महिना हा वाया गेलेला महिना नव्हे. नंतरच्या विरोधात जाणारी वर्षे त्यामुळे वाचतात. नागरिकांनीही मत देऊन थांबू नये. लावलेल्या रोपाला पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात पाणी घालावे लागते, आणि ते काम केवळ ठरावाने होत नाही. ज्या उद्यानाचा आराखडा आपण मिळून ठरविला, त्यातील रोप सुकू न देण्याची काळजी लोक आपणहून घेतात. लोकसहभागाचा खरा लाभ हाच आहे.