कामावर इजा झाल्यास भरपाई : एकदम की दरमहा?



ऊस बिल एकदम मिळावे की हप्त्याने, हा वाद आपल्याकडे दर हंगामात रंगतो. कामावर हात गमावलेल्या माणसापुढे हाच प्रश्न येतो तेव्हा तो फार जड होतो. आपल्यापैकी काहींची मुले उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या कारखान्यांत आहेत, म्हणून हा हिशेब.

समजा, तीस वर्षांच्या पोराचा पॉवर प्रेसमध्ये अंगठा गेला. पगार महिना १५,०००. अंगठा गेला म्हणजे कमाईची ताकद ३० टक्के गेली, असे कायद्याचा तक्ता धरतो.

कारखान्यात दहा किंवा जास्त माणसे असून पोराचे नाव ई.एस.आय.त असेल, तर रोजच्या पगाराच्या ९० टक्क्यांचे ३० टक्के, म्हणजे रोज १३५ रुपये मिळतात. महिन्याला सुमारे ४,०५०, आणि तेही तहहयात. महागाई पाहून त्यात अधूनमधून वाढही होते.

वर्कशॉप लहान असून ई.एस.आय. नसेल, तर १९२३ च्या भरपाई कायद्याची वाट. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, हिशेबाची रीत तीच.) पगाराचे ६० टक्के म्हणजे ९,०००, गुणिले तिसाव्या वर्षाचा आकडा २०७.९८, त्याचे ३० टक्के : ५,६१,५४६ रुपये, एकरकमी.

साडेपाच लाख पाहून कुणालाही वाटेल, हेच बरे! पण महिना ४,०५० प्रमाणे काढत गेले तर ही रक्कम साडेअकरा वर्षांत संपते. पोरगा तेव्हा बेचाळिशीचाही नसतो. सहा टक्के व्याजाने ठेवली तर मुद्दल शाबूत राहून महिना २,८०० येतात. म्हणजे एकरकमी रक्कम वाईट नाही, ती मोडली नाही तर. पण घरात लग्न निघते, बोअर घ्यायची असते, भाऊबंद उसने मागतात. आमचे मत दरमहाकडे झुकते ते यामुळे.

मात्र निवड आपल्या हाती नसते. ई.एस.आय. लागू असेल तर दुसऱ्या कायद्याने मागता येत नाही. तेव्हा पोरगा सुटीवर आला की पगाराची पावती बघा. कामगाराचा पाऊण टक्का, म्हणजे १५,००० ला ११२ रुपये ५० पैसे, कापलेला दिसला पाहिजे. नसेल तर आजच विचारा, अपघातानंतर नव्हे.

इजा तात्पुरती असेल तर ई.एस.आय. ९० टक्के पगार देते. भरपाई कायद्यात दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराचा चौथा हिस्सा, म्हणजे एकूण निम्माच पगार, तोही फार तर पाच वर्षे. हे हप्ते समजुतीने एकरकमी करून घेता येतात. समजूत पटली नाही, तर सहा महिने हप्ते घेतल्यावर अर्ज करता येतो.

इथेच माणूस फसतो. ठेकेदार दवाखान्यात येतो, पन्नास हजार पुढे करतो आणि कोऱ्या कागदावर अंगठा मागतो. हक्क सोडल्याचा असा करार कायद्याने रद्दबातल आहे, पण तो तसा ठरवून घ्यायला हेलपाटे घालावे लागतात. सही करूच नका. मृत्यूच्या बाबतीत तर भरपाई परस्पर घरी द्यायचीच नसते, ती सक्षम अधिकाऱ्याकडे भरावी लागते (पूर्वी त्यांना भरपाई आयुक्त म्हणत). विधवेची आणि लहान मुलांची रक्कम ते बँकेत ठेव म्हणून गुंतवायला लावू शकतात. तसा अर्ज त्या बाईने स्वतः दिला तर उत्तम.