वस्तीवरील कुत्रा व सर्पदंश

आपल्या बीड जिल्ह्यांत शेतवस्तीवर राहणाऱ्या कुटुंबास कुत्रा हा शोभेचा प्राणी नाहीं. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यांत शेळ्यांची राखण करणें, गोदाकांठच्या उंसांतून रानडुकरें हुसकणें, आणि रात्रीं-अपरात्रीं कोठ्याकडे आलेल्या परक्या माणसाची वर्दी देणें, हीं सर्व कामें तो भाकरतुकड्यावर करतो. असें असून त्याच्या जिवाची तजवीज आपण कितपत करतों, हा प्रश्न प्रत्येकानें स्वतःस विचारण्याजोगा आहे. अतिवृष्टींत जनावरें दगावलीं म्हणजे पंचनाम्याच्या तक्त्यांत बैल, म्हैस, शेळी यांना रकाने असतात. कुत्र्यास रकाना नसतो. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां मीं असे पुष्कळ तक्ते भरले. परंतु ही उणीव स्वतःच्या घरीं नुकसान होईपर्यंत मला जाणवली नाहीं.

कांहीं वर्षांमागें श्रावणांत आमचा मोत्या गेला. पहांटे गडी दूध काढावयास उठला, तेव्हां मोत्या भुंकला नाहीं. तो मागचे पाय ओढीत होता, पापण्या झांकल्यासारख्या झाल्या होत्या, व तोंडांतून लाळ गळत होती. अंगावर जखम दिसेना, सूजही नव्हती. कोणी म्हणालें, अंगावरून वारें गेलें. कोणी म्हणालें, विषारी कांहींतरी खाल्लें. एका शेजाऱ्यानें, "पान लागलें असेल, मारुतीच्या पारावर न्या," असा सल्ला दिला, व तो आम्हीं मानला. तेथें कडुलिंबाचा पाला व तूप पाजण्यांत दोन तास गेले. तालुक्याच्या गांवीं पशुवैद्याकडे पोहोंचेपर्यंत नऊ वाजले. त्यांनीं लक्षणें पाहून मण्यारीच्या दंशाचा संशय सांगितला. प्रतिविष तेथें शिल्लक नव्हतें. तें आणावयास माणूस धांवला, परंतु तो परत येण्यापूर्वींच मोत्याचा श्वास थांबला.

दुसऱ्या दिवशीं सर्पमित्रास बोलावून भिंतीजवळची पऱ्हाट्यांची गंज हलविली, तेव्हां तींतून हातभर लांबीची मण्यार निघाली. त्या गंजीपासून दहा हातांवर, ओट्यावर सतरंजी टाकून, माझा नातू रोज निजत असे. त्या दिवसापासून हा विषय मला केवळ कुत्र्याचा वाटत नाहीं.

साप दाराशीं कां येतो

साप कुत्र्याशीं वैर साधावयास येत नाहीं. त्यास भक्ष्य, गारवा व आडोसा हवा असतो, आणि या तिन्ही वस्तु आपणच त्याच्यासाठीं मांडून ठेवतों. मोत्या गेल्यावर मीं माझ्याच अंगणाचा पंचनामा केला, तो असा:

पहिली गोष्ट, सरपणासाठीं रचलेली पऱ्हाट्यांची गंज घराच्या भिंतीस टेकलेली होती. दुसरी, मोत्याच्या थाळींत उरलेली भाकरी रात्रभर तशीच पडून राही. तिच्यावर उंदीर येत. उंदरांमागें साप येतात, आणि मण्यार तर इतर सापांनाही खाते. तिसरी, न्हाणीची मोरी उघडी होती व तिच्या तोंडाशीं पाणी सांचून बेडूक जमत. चौथी गोष्ट मला सर्वांत अधिक बोंचली. मोत्याची साखळी तीन हातांची होती, आणि ती त्याच गंजीशेजारच्या खुंटीस होती. साप अंगाशीं आला असतां बाजूस सरण्याची जागा आम्हीं त्यास ठेवलीच नव्हती.

कुत्रा वास घेऊन जग ओळखतो. गवतांत कांहीं सळसळलें कीं तो नाक पुढें करतो, किंवा पंजा मारतो. म्हणून त्यास दंश बहुधा नाकाडावर, जबड्यावर अथवा पुढच्या पायांवर होतो. याचा धोका पावसाळ्यांत, जून ते सप्टेंबरपर्यंत, सर्वांत अधिक. बिळांत पाणी शिरतें व साप उंचवट्यावर येतात. उंचवटा म्हणजे पुष्कळदां आपलें घरच असतें. २०२५ च्या सप्टेंबरांत गोदावरी व सिंदफणेच्या कांठीं पाणी गांवांत शिरलें होतें. असे पूर ओसरल्यावर भिजलेली अडगळ उपसतांना माणसानें व कुत्र्यानें दोघांनींही जपून असावें. हिंवाळ्यांतही निर्धास्त राहूं नये. तो घोणशीच्या मीलनाचा काळ असल्यानें ती हिंडतीफिरती असते. शिवाय ऊंसतोड चालू असतां फडांतील साप बांधाकडे व वस्तीकडे सरकतात.

ओळख चार सापांची

आपल्याकडे माणसांच्या व जनावरांच्या जिवावर बेतणारे दंश मुख्यतः चार सापांचे होत.

नाग फणा काढतो. त्याच्या फण्यावर बहुधा चष्म्यासारखी खूण असते. त्याच्या विषानें पापण्या मिटतात, लाळ गळते, पाय लटपटतात, व शेवटीं श्वासाचे स्नायू लुळे पडतात. दंशाची जागा सुजतेही.

मण्यार काळी-निळी व चकचकीत असून तिच्या अंगावर पांढरे बारीक पट्टे बहुधा जोडीजोडीनें असतात. ती रात्रीं हिंडते. तिच्या दंशानें फारशी वेदना वा सूज होत नाहीं, म्हणून तो ओळखूं येत नाहीं. लक्षणें कांहीं तासांनीं दिसतात, आणि तोंवर मौल्यवान वेळ गेलेला असतो. बिनविषारी कवड्या साप तिच्यासारखाच दिसत असल्यानें रंगावर भिस्त ठेवून कोणताही पट्टेरी साप हातीं धरूं नये.

घोणस जाड असून तिच्या पाठीवर साखळीसारख्या गोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात. डिवचली असतां ती कुकराच्या शिट्टीप्रमाणें मोठ्यानें फुत्कारते. फुरसें लहान असतें, खडकाळ माळावर दगडांखालीं राहतें, व अंगाचे खवले एकमेकांवर घांसून खरखर आवाज करतें. या दोघांच्या विषानें रक्त गोठण्याची शक्ति नष्ट होते. दंशाची जागा झपाट्यानें सुजते. हिरड्यांतून, नाकांतून अथवा लघवीवाटे रक्त जातें. घोणशीच्या दंशांत मूत्रपिंडेंही निकामी होतात.

यांखेरीज धामण पुष्कळ ठिकाणीं आढळते. ती बिनविषारी असून उंदरांचा फडशा पाडते. आपला कुत्रा धामण मारीत असेल, तर त्यास शाबासकी देऊं नये. त्यानें आपल्या धान्याचा राखणदार मारलेला असतो, आणि सापावर तुटून पडण्याची संवय त्यास लागली म्हणजे पुढच्या खेपेस समोर नाग असेल.

बंदोबस्त कसा करावा

अडगळ. पऱ्हाट्या, गोवऱ्या, विटा, दगड व कडब्याची गंज घरापासून व कुत्र्याच्या जागेपासून निदान वीस पावलें दूर असावीं. सरपण जमिनीवर न रचतां दगडांवर फळ्या टाकून वीतभर उंच रचावें, म्हणजे खालीं झाडतां येतें. घराभोंवतीं पांच-सहा हातांचा पट्टा गवत काढून स्वच्छ ठेवावा. उघड्या जमिनीवर साप दुरूनच दिसतो.

उंदीर. धान्य पत्र्याच्या कोठींत ठेवावें. कुत्र्यास दिवस मावळण्यापूर्वीं जेऊं घालावें व थाळी धुऊन उचलून ठेवावी. उंदरांसाठीं पिंजरे लावावेत. विषारी गोळ्या वस्तीवर टाकूं नयेत. विष खाऊन मेलेला उंदीर कुत्र्यानें खाल्ला, तर सापापासून वांचविलेला प्राणी आपणच गमावूं.

पाणी व उजेड. मोरीच्या तोंडास पाव इंचाहून मोठीं छिद्रें नसलेली जाळी बसवावी. गळका नळ व हौदाखालचा चिखल दुरुस्त करावा. दारावरच्या दिव्याखालीं किडे जमतात, किड्यांवर बेडूक येतात, व बेडकांमागें साप येतो. म्हणून रात्रभर जळणारा दिवा कुत्र्याच्या जागेपासून दूर असावा.

भिंती. दगड-मातीच्या जुन्या भिंतींतील भेगा व उंदरांचीं बिळें खडी-सिमेंटानें अथवा चुन्यानें बुजवावीं. दाराखालची फट पट्टी मारून बंद करावी. हें काम वैशाखांत, पाऊस पडण्यापूर्वीं, उरकावें.

कुत्र्याची जागा. रात्रीं कुत्र्यास आंखूड साखळीनें उघड्यावर बांधूं नये, आणि गवतांत मोकळाही सोडूं नये. दीड-दोन हात उंच ओट्यावर, बारीक जाळीचें दार असलेली, आंतून झाडतां येणारी कोठडी करावी. तेथून तो भुंकून वर्दी देऊं शकतो, आणि साप त्याच्यापर्यंत सहसा पोहोंचत नाहीं. अंथरूण रोज झटकावें.

शिकवण. "मागें ये" ही एक आज्ञा तरी पिल्लूपणापासून शिकवावी, व ती पाळल्यावर भाकरीचा तुकडा द्यावा. कुत्रा एका जागेकडे तोंड करून थांबून भुंकत असेल, तर त्यास छू म्हणून पुढें लोटूं नये. हांक मारून मागें घ्यावें, व विजेरी पाडून आपण दुरून पाहावें.

घराभोंवतीं फिनेल, गंधक अथवा लसूण टाकल्यानें साप येत नाहीं, ही समजूत निराधार आहे. कार्बोलिक ॲसिड व डांबराच्या गोळ्या तर कुत्र्यास प्रत्यक्ष विषारी आहेत. सापास मारण्याच्या भरीसही पडूं नये. दंश पुष्कळदां अशा वेळींच होतात, आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वयें तो गुन्हाही ठरतो. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावें, अथवा जाणकार सर्पमित्रास बोलवावें. आपल्याच शिरूर कासार तालुक्यांत तागडगांव येथें सर्पराज्ञी हें वन्यजीवांची शुश्रूषा करणारें केंद्र आहे.

दंश झाल्यावर

यावर खरें औषध एकच, तें म्हणजे प्रतिविष. घोड्यास सापाचें विष अल्प प्रमाणांत टोंचीत जाऊन त्याच्या रक्तांतून तें तयार करतात. मुंबईस परळ येथें १८९९ सालीं प्लेगाच्या संशोधनासाठीं स्थापन झालेल्या व १९२५ पासून हाफकिन यांचें नांव धारण करणाऱ्या संस्थेनें आपल्या देशांत या कामीं मोठी कामगिरी केली. वरील चारही सापांवर एकच मिश्र प्रतिविष चालतें, आणि माणसाचें तेंच कुत्र्यासही देतात.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. कुत्रा लहान म्हणून त्यास औषध थोडें पुरे, असें नाहीं. औषधाची मात्रा शरीराच्या वजनावर नसून शरीरांत शिरलेल्या विषावर ठरते. प्रतिविषाचा एक मिलिलिटर नागाचें वा घोणशीचें ०·६ मिलिग्रॅम, आणि मण्यारीचें वा फुरशाचें ०·४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करतो. म्हणजे दहा मिलिलिटरच्या एका कुपीनें घोणशीचें सहा मिलिग्रॅम विष उतरतें; आणि घोणस एका दंशांत त्याच्या कितीतरी पट विष सोडूं शकते. म्हणून एका कुपीवर भागेलच असें नाहीं. या औषधाची तीव्र प्रतिक्रिया येऊं शकते. यास्तव तें घरीं न टोंचतां पशुवैद्याकडूनच द्यावें.

तोंवर आपण करावयाचें तें एवढेंच: कुत्र्यास चालवूं नये, उचलून न्यावें. गळ्यांतील पट्टा प्रथम काढावा, कारण तोंडास दंश असल्यास मान सुजून पट्टा फांस होतो. दंशाची वेळ व दिसलेलीं लक्षणें कागदावर लिहून घ्यावीं. साप सहज दिसला तर दुरून छायाचित्र घ्यावें; शोधीत बसूं नये. दोरी आवळणें, जखम चिरणें, विष चोखणें, चुना वा हळद भरणें, तूप-दूध पाजणें, माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या देणें, हें सर्व वर्ज्य. गिळण्याची शक्ति गेलेल्या जनावरास कांहींही पाजलें तर तें फुप्फुसांत जातें. आमच्या तुपानें मोत्याचें अहितच झालें असेल, असें आज वाटतें.

निघण्यापूर्वीं दूरध्वनि करून प्रतिविष शिल्लक आहे कीं नाहीं तें विचारावें. याहून उत्तम म्हणजे ज्येष्ठांतच आपल्या तालुक्याच्या दवाखान्यांत चौकशी करून ठेवावी. पशुवैद्यकीय मदतीसाठीं १९६२ हा क्रमांक आहे. मोठ्या उपचारांस परभणी व उदगीर येथें पशुवैद्यक महाविद्यालयें आहेत. पारावर मारुतीरायास नमस्कार जरूर करावा, पण तो दवाखान्यांतून परत येतांना.

उपसंहार

२००० ते २०१९ या वीस वर्षांत हिंदुस्थानांत सुमारें बारा लक्ष माणसें सर्पदंशानें दगावलीं, असा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत मांडला आहे; त्यांत खेड्यांतील लोकच फार. जी गंज, जी मोरी व जें उष्टें अन्न कुत्र्याच्या जिवावर उठतें, तेंच घरांत जमिनीवर निजणाऱ्या मुलाच्याही जिवावर उठतें. फरक इतकाच कीं, कुत्रा बाहेर असल्यानें पाळी प्रथम त्याची येते. वाचकबंधूंनीं हा अंक खालीं ठेवल्यावर आपल्या घरास एक प्रदक्षिणा घालावी, आणि कुत्र्याची साखळी कोणत्या खुंटीस आहे व त्या खुंटीशेजारीं काय रचलें आहे, तें आजच पाहावें. आमच्या घरीं हल्लीं नवें पिल्लूं आहे. तें ओट्यावरच्या कोठडींत निजतें, आणि नातू खाटेवर.