टोनी पुरस्कार आणि सूत्रसंचालकाची निवड : एक अभ्यास

(द्वितीय वर्ष कला)

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात एकांकिका स्पर्धेच्या बक्षीस समारंभाचे सूत्रसंचालन माझ्याकडे होते. आवाज मोठा आणि पाठांतर बरे, एवढ्याच भांडवलावर माझी निवड झाली होती. मी आठ दिवस खपून कोट्या जमविल्या. तालमीतल्या फजित्या, नटमंडळींची टोपणनावे, सगळे काही त्यात आले. पुढच्या चार रांगा पोट धरधरून हसल्या. समारंभ संपला तेव्हा गावाहून मुद्दाम आलेले माझे वडील शेवटच्या बाकावरून उठून आले आणि म्हणाले, "बोलतोस झ्याक. पर ती पोरं हसत हुती कशाला? नाटकात काय हुतं, ते तर तू सांगितलंच न्हाईस."

एकांकिका आदल्या दिवशी झाल्या होत्या. वडिलांनी त्या पाहिल्या नव्हत्या. त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून बसला : नाटकाच्या पुरस्कार समारंभाचा सूत्रसंचालक बोलतो ते नेमके कोणासाठी? आणि त्यावरून त्याची निवड कशी करावी?

या प्रश्नाला उत्तर मिळाले ते अनपेक्षित ठिकाणी. आर्थर मिलर यांच्या 'डेथ ऑफ अ सेल्समन'वर वर्गात चर्चा चालू असताना या नाटकाला १९४९ साली टोनी पुरस्कार मिळाल्याचे समजले. टोनी म्हणजे काय, हे पाहू गेलो आणि त्या समारंभाच्या इतिहासात गुंतून पडलो. माझा प्रश्न तेथे गेली अनेक दशके दरवर्षी नव्याने विचारला जातो.

टोनी हे नाव अँटोनेट पेरी या अभिनेत्री व दिग्दर्शिकेच्या लाडक्या नावावरून आले. १९४६ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ 'अमेरिकन थिएटर विंग' या संस्थेने ६ एप्रिल १९४७ रोजी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अॅस्टोरिया हॉटेलात पहिले पुरस्कार दिले. या पुरस्कारांची मर्यादा ध्यानात घेण्यासारखी आहे. ते फक्त ब्रॉडवेवरील नाटकांना मिळतात. ब्रॉडवे म्हणजे न्यूयॉर्कच्या एका भागातील ४१ नाट्यगृहे, प्रत्येकात पाचशे किंवा त्याहून अधिक आसने असलेली.

अडचण येथेच सुरू होते. चित्रपटांचे पुरस्कार पाहणाऱ्याने त्यांतील एखादा तरी चित्रपट आपल्या गावी पाहिलेला असतो. नाटक मात्र एका वेळी एकाच ठिकाणी घडते. तेव्हा दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या बहुतेकांनी स्पर्धेतले एकही नाटक पाहिलेले नसते. सभागृहातले सगळे घरचे आणि पडद्यापलीकडचे सगळे परके, अशी ही विचित्र सभा असते. दोघांशी एकाच वेळी बोलणारा एकच माणूस, तो म्हणजे सूत्रसंचालक.

१९६७ साली अलेक्झांडर कोहेन या निर्मात्याने हा समारंभ प्रथमच देशभर दूरचित्रवाणीवरून दाखविला. सूत्रसंचालनासाठी मेरी मार्टिन आणि रॉबर्ट प्रेस्टन यांना निवडले होते. दोघेही त्या वेळी ब्रॉडवेवर 'आय डू! आय डू!' हे दोनच पात्रांचे संगीत नाटक करीत होते. म्हणजे ते पक्के रंगभूमीचे. पण मेरी मार्टिन यांचा पीटर पॅन दूरचित्रवाणीवर लहानथोरांनी पाहिलेला होता, आणि प्रेस्टन यांचा 'द म्युझिक मॅन' हा चित्रपट १९६२ साली येऊन गेला होता. आतल्यांना ते आपले वाटत आणि बाहेरच्यांना ओळखीचे. पहिल्याच निवडीत हे सूत्र सापडले होते, असे मला वाटते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण अँजेला लॅन्सबरी यांचे. त्यांनी १९६८, १९७१, १९८७, १९८८ आणि १९८९ असे पाच वेळा हे काम केले. शेवटच्या तीन वर्षांपर्यंत अभिनयाचे चार टोनी त्यांच्या नावावर होते, आणि १९८४ पासून 'मर्डर, शी रोट' या मालिकेमुळे त्या घरोघरी पोचल्या होत्या. ही मालिका दाखविणारी सीबीएस वाहिनीच त्या समारंभांचे प्रक्षेपण करीत होती. त्यात वाहिनीचा व्यवहार होता, हे उघड आहे. पण व्यवहार आणि योग्यता एका व्यक्तीत जुळून आल्या, तर तक्रार कशाची?

येथे कोणी म्हणेल, मग नुसती प्रसिद्धी का पुरेशी नाही? त्यासाठी १९९७ सालचे उदाहरण पाहू. त्या वर्षी समारंभ ब्रॉडवेच्या नाट्यगृहांतून निघून सुमारे सहा हजार आसनांच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये गेला आणि सूत्रसंचालन रोझी ओडॉनेल यांच्याकडे आले. दूरचित्रवाणीवर दिवसा गप्पांचा कार्यक्रम करणाऱ्या बाई म्हणून त्या प्रसिद्ध होत्या. पण आपल्या कार्यक्रमात त्या ब्रॉडवेच्या कलावंतांना आवर्जून बोलावीत, नाटकांची तोंडभरून स्तुती करीत, आणि १९९४ साली स्वतः 'ग्रीस'मध्ये ब्रॉडवेवर उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या प्रसिद्धीला नाटकाच्या वेडाची जोड होती. प्रसिद्धीमुळे माणूस आपल्याकडे पाहतो, हे खरे. पण ज्याला स्वतःला नाटक आवडत नाही, तो दुसऱ्याला त्याची गोडी काय लावणार?

उलट बाजूही तपासून पाहावी. २००६ आणि २००७ साली टोनी समारंभाला सूत्रसंचालकच नव्हता. एकामागून एक कलावंत येत, पुरस्कार जाहीर करीत आणि जात. चेहरे पुष्कळ होते. पण तीन तास प्रेक्षकाचा हात धरणारा एकही नव्हता. २००८ साली व्हूपी गोल्डबर्ग यांना बोलावून ही प्रथा पुन्हा सुरू झाली. २००९ साली आलेले नील पॅट्रिक हॅरिस एकूण चार वेळा सूत्रसंचालक झाले. त्यांचेही सूत्र तेच : मालिकेमुळे घराघरांत परिचित आणि ब्रॉडवेवर गाण्याअभिनयात मुरलेले.

परंतु दोन्हीकडची ओळख असली म्हणजे काम झाले असे नाही. समारंभाचा दिवस कसा उजाडेल हे कोणालाच ठाऊक नसते. १२ जून २०१६ च्या पहाटे फ्लोरिडातील ऑर्लँडो येथे एका क्लबमध्ये गोळीबार होऊन ४९ जणांचे प्राण गेले. त्याच संध्याकाळी टोनी समारंभ होता. सूत्रसंचालक जेम्स कॉर्डन विनोदासाठी प्रसिद्ध; पण त्यांनी प्रथम शांतपणे दुःख व्यक्त केले आणि मगच उत्सवाला आरंभ केला. त्या रात्री 'हॅमिल्टन'ने ११ पुरस्कार मिळविले, त्यामुळे लोकांनी समारंभ पाहिला याचे सारे श्रेय सूत्रसंचालकाला देणे चूक ठरेल. मात्र त्या रात्रीचा तोल ज्याने सांभाळला, त्याचे श्रेय नाकारता येत नाही.

२०१८ सालची निवड मला विशेष आवडली. जोश ग्रोबन आणि सारा बारेलिस या दोघांनाही पूर्वी नामांकन मिळाले होते, पण पुरस्कार मिळाला नव्हता. त्यांनी आरंभीचे गीत हरणाऱ्यांनाच अर्पण केले. समारंभात जिंकणारे थोडे आणि हरणारे पुष्कळ असतात, ही साधी गोष्ट ओळखणारा सूत्रसंचालक मिळणे भाग्याचे!

शेवटचे उदाहरण शब्दांविना झालेल्या आरंभाचे. २०२३ साली अमेरिकेतील पटकथा-लेखकांचा संप चालू होता आणि समारंभ लिखित संहितेशिवाय करावा लागला. एरियाना डिबोस यांनी एक वही उघडली. तिची पाने कोरी होती. मग एक शब्दही न बोलता त्यांनी नृत्याने समारंभाला आरंभ केला. ज्या सूत्रसंचालकाचा सारा भार दुसऱ्याने लिहून दिलेल्या कोट्यांवर असतो, त्याने त्या कोऱ्या पानांपुढे काय केले असते?

या सर्वांवरून मला निवडीच्या तीन कसोट्या सुचतात. पहिली, त्याला नाटकाची आतून ओळख असावी. दुसरी, त्याचे तोंड बाहेरच्या माणसाकडे असावे. तिसरी, प्रसंग बदलला तर हातातला कागद बाजूला ठेवण्याची त्याची तयारी असावी. तिन्हींत दुसरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण नेमकी तीच विसरली जाते.

हे सूत्र आपल्याला अगदी नवे आहे का? १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केले, तेव्हा त्यांचा सूत्रधार रंगमंचावर राहून पदांतून कथा सांगत असे. समोरच्या प्रेक्षकांना नाटक हा प्रकारच नवा होता; त्यांना आत घेणे हे त्याचे काम होते. 'सूत्रसंचालक' या आपल्या शब्दात तेच जुने सूत्र आहे. ते हाती धरून पुढच्या चारच रांगांना बांधायचे, ही चूक माझी.

यंदाच्या संमेलन समितीला माझी एक नम्र सूचना आहे. सूत्रसंचालक निवडताना केवळ आवाज ऐकू नये. उमेदवाराला एखाद्या एकांकिकेविषयी दोन मिनिटे बोलायला सांगावे, आणि समोर ती न पाहिलेला माणूस बसवावा. आपले शिपाईमामा असोत, कँटीनमधला पोऱ्या असो, किंवा कोणाचे गावाहून आलेले आईवडील असोत. ऐकून त्याला ती एकांकिका पाहाविशी वाटली, तर उमेदवार उत्तीर्ण.

मीही ही परीक्षा देऊन पाहिली. दिवाळीच्या सुटीत घरी गेलो, तेव्हा गेल्या वर्षी पहिल्या आलेल्या एकांकिकेची गोष्ट वडिलांना सांगितली. एकही कोटी केली नाही. वडिलांनी शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "पुन्हा कवा हाय ती?"