हरवलेल्या ओव्यांचा शोध

प्रकल्पासाठी आजीच्या तोंडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या मी संगणकावर उतरवल्या होत्या. पुढे आजी गेली. आणि एके दिवशी लेखनाचा प्रोग्राम उघडताच बंद पडू लागला.

अशा वेळी दोष पुष्कळदा आपल्या पसंतीच्या नोंदी ठेवणाऱ्या फोल्डरात असतो. मी त्याचे नाव बदलले; प्रोग्रामने नवा फोल्डर केला व तो सुरळीत चालू लागला. फाईल मात्र उघडेना.

ओडीटी फाईल ही वस्तुतः झिप पेटी असते. पेटीतील एखादा भाग बिघडला तरी मजकूर शाबूत राहू शकतो. फाईलची प्रत काढून नावाअखेर ‘झिप’ लावले. आत ‘कंटेंट.एक्सएमएल’मध्ये, खुणांच्या गर्दीत, सर्व ओव्या होत्या!

आजीला पुन्हा विचारता येणार नव्हते. मित्रहो, एक प्रत नेहमी दुसरीकडे ठेवावी.